घरात कोण कोण असतं?

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. म्हणून खुर्चीतच बसून, कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकून घातला आहे (टेकलं ते चष्म्याच्या डबीवर, पण भावना पोचली असेल). तो गोड मानून घे. तुझी कंबर काय म्हणते? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस, की बाटली नुसती खिडकीत शोभेला ठेवली आहेस? माझी प्रकृती उत्तम. जे दात उरले आहेत ते गुण्यागोविंदाने नांदत आहेत. खोकला आहे, पण तो आता घरचाच झाला आहे, त्याची चौकशी केली नाहीस तरी त्याला राग येणार नाही. पंखा मात्र बिघडला आहे. कंपनीच्या तक्रार-फोनवर एक बाई फार गोड आवाजात बोलल्या, मला एक दाबा, दोन दाबा म्हणाल्या. मी त्यांना पंख्याची सगळी हकीगत सांगितली आणि शेवटी आशीर्वादही दिला. ते यंत्र होतं हे मला शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं. असो, आशीर्वाद काही वाया जात नाही.

तुझं पत्र मिळालं. पुतण्याच्या मुलीला अभ्यासाला खोली लागते म्हणून तुझी खाट पॅसेजमध्ये फ्रिजशेजारी आणली, हे वाचलं. त्यात तुझी सोयच झाली, फ्रिजच्या घरघरीने भाऊजींच्या घोरण्याची आठवण येते आणि झोप छान लागते, हेही वाचलं. वाचून मी हसलो. (मी हसावं म्हणूनच तू तसं लिहिलं होतंस, म्हणून हसलो.) मग चष्मा पुसावा लागला. हल्ली काचांवर धूळ फार बसते, सगळीकडे बांधकामं चालू आहेत ना. या विषयावर मी आणखी काही बोलणार नाही. माझ्या घरच्या गोष्टीत तू नाक खुपसू नकोस अशी ताकीद तू मला पूर्वीच देऊन ठेवली आहेस, आणि तुझ्या ताकिदीची मुदत कधी संपत नाही हे मी लहानपणापासून जाणतो. हे पत्र मी निव्वळ कायदेशीर कारणासाठी लिहीत आहे.

आमची इमारत पाडणार आहेत. दचकू नकोस, मला आत ठेवून नाही. मालकांचं म्हणणं असं की इमारत जीर्ण झाली, आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आहे. आधी तिचा आकार बदकासारखा होता, मग मान फुटून हंस झाला, आता एक मोठी होडी दिसते. भिंतीला भेग आहे, तिच्यातून शेजारच्या शिवणवाल्या वहिनींचं शिवणयंत्र इतकं स्पष्ट ऐकू येतं की ब्लाउज चालू आहे की पडदा हे मी ओळखू शकतो. लिफ्ट आहे, पण ती तळमजल्यावर राहते, वर येणं तिने सोडून दिलं आहे. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याला खाली येणाऱ्याची ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. मला या सगळ्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. पण मालकांनी कार्यालयात काचेच्या पेटीत नव्या इमारतीचं छोटं पुठ्ठ्याचं रूप मांडून ठेवलं आहे, आणि ते पाहून आमच्या इमारतीतली माणसं आपापल्या घरांकडे सावत्रपणाने पाहू लागली आहेत. (पुठ्ठ्याचं काम चांगलं आहे, कोपरे नीट दुमडले आहेत. शाळेच्या पुस्तकांना जन्मभर पुठ्ठे चढवलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटत नाही. एका गॅलरीत बोटाच्या पेराएवढी बाई उभी केली आहे. ती कुणाची वाट पाहते हे मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले की ती नुसतीच चिकटवली आहे.)

तर भाडेकरूला असं उचलून रस्त्यावर ठेवता येत नाही, आक्का. कायदा आहे. जुनी पाडली तर त्याच जागेवर नव्यात घर द्यावं लागतं, आणि मधल्या काळासाठी मागच्या गल्लीत खोलीही मालकांनीच द्यायची. घरात जितकी वर्षं काढावीत तितका हक्क भिंतीत मुरत जातो, असं म्हणायला हरकत नाही (आमचे वकील असं म्हणत नाहीत, ते फार कोरडं बोलतात, हे मी त्यांच्या बोलण्यावर घातलेलं कव्हर समज). भाड्याची पावती दाखवली की मालकही भाडेकरूची खुर्ची हलवू शकत नाही. हे ऐकत होतो तेव्हा माझ्या मनात तुझी खाट आली. भाडेकरूला कायदा आहे. पण जिथे तू लग्न होऊन गेलीस, जिथली दुखणीखुपणी आणि बाळंतपणं तू काढलीस, तिथल्या काकूला कुणी कसली पावती दिलेली नसते. तिला हलवायला नोटीस लागत नाही, दोन माणसं लागतात, एक उशाशी आणि एक पायथ्याशी. पण या विषयावर मी बोलणार नव्हतो.

आमच्या भाडेकरू समितीचा प्रमुख कंडक्टर आहे. जन्मभर शहराच्या बसमध्ये होता. निवृत्त झाला, पण बसमधून उतरला असं काही सांगता येणार नाही. सभा जिन्यात भरते. तो खालच्या पायरीवर कठडा धरून, पाय फाकवून उभा राहतो, जिना आत्ता वळण घेणार असल्यासारखा. ‘पुढे सरका, वर जागा आहे’ म्हणत सगळ्यांना वरच्या पायऱ्यांवर लोटतो. सभेत बोलायचं असेल तर हात वर करायचा नाही, कठड्यावर टकटक करायची. एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढे चला. सगळ्या इमारतीच्या हाताला हे इतकं बसलं आहे की परवा शिवणवाल्या वहिनींच्या यजमानांनी जेवताना पुरे झालं हे सांगायला ताटावर एक टकटक केली. पहिल्या सभेत मला वाटलं, एवढी माणसं जमली आहेत तर घर या विषयावरची एखादी कविता म्हणावी. (मी शिकलो बेताचं, पण पुस्तकं शिवताना सगळ्या इयत्तांच्या कविता हाताखालून गेल्या, ज्या वर्गांत कधी बसलो नाही त्यांच्यासुद्धा.) पहिली ओळ म्हटली आणि वरून, खालून, सगळीकडून दोन-दोन टकटकी झाल्या. मला आधी वाटलं ही दाद आहे.

त्याच सभेत कंडक्टरने नियम सांगितला. घरात एकच माणूस असेल तर नव्या इमारतीत एक खोली. दोन किंवा जास्त असतील तर दोन खोल्या. माणसं मोजायला नगर कार्यालयातून कुणीतरी येणार. हे ऐकल्यावर सगळ्या पायऱ्यांवरची तोंडं माझ्याकडे वळली, कारण इमारतीत एकटा राहणारा मीच. कंडक्टर म्हणाला, ‘मास्तर, वेळेवर लग्न केलं असतंत तर आज दोन खोल्यांचे धनी झाला असता.’ (मला इथे सगळे मास्तर म्हणतात. मी शिकवलं कुणालाच नाही, पण दर नव्या शेजाऱ्याला खुलासा करत बसण्यापेक्षा मास्तर होऊन जाणं सोपं पडलं.) माझ्या लग्नासाठी तू किती पत्रं लिहिलीस, किती फायदे सांगितलेस, पण हा फायदा तुझ्याही ध्यानात आला नव्हता. मी म्हटलं, मला एक पुरते. आणि ते खरंच होतं. एका माणसाला झोपायला खाट आणि बसायला खिडकी लागते, दोन्ही एका खोलीत मावतात.

मग एका दुपारी मोजणीवाली मुलगी आली. मला वाटलं होतं, मिशाळ आणि रागीट कुणी गृहस्थ येईल. ही आली ती पायांत कापडी बूट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात पाटीसारखं यंत्र घेऊन. मी तेव्हा तिसरीचं एक जुनं पुस्तक उसवून पुन्हा शिवत बसलो होतो, आणि नेमकं ते पान उघडं होतं:

विटेवरी वीट चढे, भिंत उंच होई,
भिंतीआड कोण राही, कुणा ठाव नाही.

ती मी तिला म्हणून दाखवली. तिने दोन्ही ओळी ऐकून घेतल्या (कंडक्टरने हिच्याकडून काही शिकावं), पाणी मागून घेतलं, आणि एका छोट्या डबीतून लाल ठिपका सोडून भिंती मोजू लागली. ठिपका माझ्या सदऱ्यावर आला की मी बाजूला सरकायचो, माझ्यामुळे खोली उगाच आखूड भरायला नको. असं आमचं सगळं छान चाललं होतं. मग तिने पाटी उचलली आणि मान वर न करता विचारलं, ‘आणि काका, घरात कोण कोण असतं?’

आक्का, तुला आठवतं का? आई गेली त्या वर्षी, बाबा नोकरीच्या गावी, आणि आपण दोघं त्या भाड्याच्या खोलीत. शाळेत नाव घालायच्या आदल्या दिवशी तू मला आरशासमोर उभं केलं होतंस. तुझीच वेणी तेव्हा तुला नीट घालता येत नव्हती, पण मला शिकवत होतीस. बाई विचारतील घरात कोण कोण असतं. चटकन सांगायचं, मी आणि आक्का. मधे थांबायचं नाही. थांबलास की लोक अरेरे म्हणतात. मग तू बाई झालीस, पुन्हा पुन्हा विचारलंस, आणि मी न थांबता म्हणेपर्यंत मला सोडलं नाहीस. पुढे प्रत्येक वर्गात तो प्रश्न आला आणि प्रत्येक वर्गात मी तेच उत्तर दिलं. एकाही बाईंना अरेरे म्हणायला सवड मिळाली नाही. गणितात मी कधी पास झालो, कधी नाही, पण या एका प्रश्नात मी कधीच चुकलो नाही.

त्या मुलीने विचारलं आणि तोंड माझी वाट न पाहता मोकळं झालं, ‘मी आणि आक्का.’

तिने बोट टेकवलं. पाटी माझ्याकडे वळवली, म्हणाली, बघा, बरोबर आहे ना. तिथे माझं नाव होतं, त्याखाली आक्का, थोरली बहीण असं लिहिलं होतं, आणि पुढे दोनचा आकडा. खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण शाळा सुटल्यावर आपली दोघांची नावं अशी एकाखाली एक कुणी लिहिली नव्हती. ती पाहताना मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, ‘बरोबर.’ मग ती म्हणाली, आजी कुठे आहेत? मी म्हणालो, बाहेर गेल्यात. हे खोटं नाही, आक्का. तू बाहेरच गेली आहेस. जाऊन किती वर्षं झाली एवढंच तिने विचारलं नाही.

मला वाटलं इमारतीत मी एकटाच असा निघालो. पण नंतर कळलं की बाकीच्यांनी तर आठवडाभर तयारी चालवली होती. ज्याच्या घरी दोन माणसं होती त्यालाही भीती की ऐन मोजणीच्या वेळी एखादं बाजारात गेलेलं असेल, म्हणून प्रत्येकाने एखादा जादा नातेवाईक आणून ठेवला होता. शिवणवाल्या वहिनींच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ होते, ते पहिल्या मजल्यावर सासरे झाले. मुलगी पुढच्या जिन्याने चढली की ते मागच्या जिन्याने चढायचे, असे दुसऱ्या मजल्यावर ते मामा आणि तिसऱ्यावर चुलते झाले. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना एवढा दम लागला की ते दारातच बसले. मुलीने विचारलं, आजोबा, तुम्ही कोण? तर म्हणाले, बाई, मला आता आठवत नाही. तिने त्यांना वारा घातला आणि पाटीवर काहीच लिहिलं नाही. पण दुसऱ्या मजल्यावर एक वेगळीच गंमत झाली. तिथल्या गृहस्थांचं सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं. मोजणीपुरता ये म्हणून निरोप गेला. भाऊ आला, कोपऱ्यात पाठ करून बसला, मोजला गेला. मोजणी होऊन इतके दिवस झाले, भाऊ जायचं नाव काढत नाही, आणि रोज संध्याकाळी दोघांच्या पत्त्यांच्या डावातली भांडणं जिन्यात ऐकू येतात. मी मुद्दाम पायऱ्यांवर थांबून ऐकतो.

माझे दोन झाल्याची बातमी कंडक्टरला कळली तेव्हा तो घरी येऊन माझ्यासमोर उभाच राहिला. म्हणाला, ‘मास्तर, आयुष्यभर मी विनातिकीटवाले पकडले. तुमच्या तोंडाकडे बघून मी तुम्हाला कधीच धरलं नसतं.’ मी म्हटलं, मी उतरतो रे, मी कार्यालयात जाऊन सांगतो. तो म्हणाला, चालत्या गाडीतून उतरायचं नसतं. आणि मग त्याने खरी अडचण सांगितली: फेरतपासणी होणार. ती मुलगी पुन्हा येणार, आणि जी जी माणसं लिहिली आहेत ती डोळ्यांनी बघणार. म्हणजे आक्का हजर पाहिजे. ‘खरी आक्का येणार नाही का?’ शिवणवाल्या वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, ती कुणाकडे जात नाही. मी बोलावून थकलो, दर वेळी एकच उत्तर येतं, तिथे येऊन मी नुसती बसून काय करू. यावर कंडक्टरने दोन टकटक केल्या आणि शिवणवाल्या वहिनींची मावशी आणायची ठरली.

मावशी आल्या. स्वच्छ, गोऱ्या, गुबगुबीत, चांगली शाल पांघरलेल्या, आवाज लोण्यासारखा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. माझ्या खोलीत सगळे तालीम बघायला जमले. मावशी म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, चहा घेता ना थोडा?’ कंडक्टर म्हणाला, मास्तर, तुम्ही कविता म्हणा, बघू काय होतं. मी चांगली लांब कविता काढली, पूर्ण म्हटली. मावशींनी शेवटपर्यंत ऐकली आणि डोळे मिटून ‘वा, किती सुंदर’ म्हणाल्या. माझी संपूर्ण कविता आजवर कुणी ऐकली नव्हती, मीसुद्धा शेवटचं कडवं पहिल्यांदाच ऐकलं. पण कंडक्टरने मान हलवली. ‘नाही जमत, मावशी. ही बहीण वाटत नाही. दुसऱ्या ओळीला तोडायचं यांना.’ मावशींनी पुन्हा प्रयत्न केला, ‘अहो, जरा गप्प बसता का?’ ‘अहो नाही. ए म्हणा.’ मावशी कानापर्यंत लाल झाल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला ए म्हटलं नव्हतं. वहिनींनी उदाहरणादाखल आपल्या यजमानांना ए म्हणून दाखवलं, तेव्हा यजमान उठून निघून गेले. मी मात्र मनात म्हणत होतो, तू असतीस तर एव्हाना माझा सदरा धुवायला काढला असतास, कविता म्हणणारं तोंड सदऱ्यातच अडकलेलं असताना.

तालीम चालू होती तेवढ्यात ती मुलगी दारात. ठरल्यापेक्षा लवकर आली होती. सगळी गर्दी भिंतीला चिकटली. ती मावशींकडे बघून हसली. म्हणाली, ‘या आक्का का?’ कंडक्टरने चौकटीवर दोन टकटक केल्या. मावशी म्हणाल्या, ‘ए... अहो... ए,’ आणि थांबल्या. मुलीला वाटलं असेल आजी बिचकल्या, म्हणून तिने अगदी मायेने विचारलं, आजी, लहानपणी काका फार छळायचे का तुम्हाला? आणि मावशी, देवमाणूसच त्या, म्हणाल्या, ‘छे गं. फार गुणी होता. कधी म्हणून त्रास दिला नाही.’

आक्का, मी बरंच सहन केलं होतं, पण तुझ्या तोंडी एवढं धडधडीत खोटं घातलेलं मला सोसलं नाही. तापात तू रात्र रात्र बसायचीस आणि मी औषध थुंकायचो. तुझी सहल होती तेव्हा मी दारात आडवा पडलो म्हणून तू गेली नाहीस. तुझी शाळा सुटली ती माझी चालू राहावी म्हणून. आणि कुणीतरी शाल पांघरून म्हणतं की त्रास दिला नाही. मी उठलो. म्हणालो, ‘या आक्का नाहीत. आक्का असती तर तुला पाढा वाचून दाखवला असता.’ आणि मग मी त्या मुलीला सगळंच सांगितलं. भाड्याची खोली, आरसा, बाईंचा प्रश्न. फ्रिजशेजारची खाटही सांगितली, त्याबद्दल हवं तर मला बोल. सांगताना कुणी टकटक केली नाही. मावशी शालीने डोळे पुसत होत्या आणि कंडक्टर छताच्या ओलीकडे बघत होता.

मुलीने पाटी मांडीवर पालथी ठेवली. मग म्हणाली, ‘काका, खऱ्या आक्का राहायला येणार असतील तर त्या मोजल्या जातील. यादी पक्की व्हायच्या आत त्या इथे हव्यात. तोवर मी बाहेरगावी लिहून ठेवते.’ मी म्हटलं, विचारून बघतो. ती निघाली तेव्हा दारात वळून म्हणाली, कवितेतलं त्या भिंतीचं पुढे काय होतं? मी सांगितलं, पुढचं पान त्या पुस्तकात नाही, फाटलेलं आहे.

तर आक्का, विषय असा आहे. हे आमंत्रण नव्हे, पाहुणी म्हणून तुला मी बोलावत नाही. हे सरकारी काम आहे. तू आलीस तर मला कायद्याने दोन खोल्या मिळतात, नाही आलीस तर एक जाते. भाडेकरूचा एवढा मोठा हक्क तुझ्या हट्टापायी बुडावा असं तुलाही वाटणार नाही. खिडकीकडची खोली तुला. मी कवितेच्या दोन ओळींपुढे जाणार नाही, हवं तर कागदावर लिहून देतो. फ्रिज लहान आहे आणि अजिबात आवाज करत नाही. पुतण्याला आणि सूनबाईंना आशीर्वाद सांग, पोरीला म्हणावं अभ्यास मन लावून कर, आणि कविता पाठ कर, परीक्षेत येत नसल्या तरी.

उत्तराची वाट पाहणारा, तू वाढवलेला आणि तरीही वाया न गेलेला,

तुझा धाकटा

ता. क. — मोठी ट्रंक आणू नकोस, जिन्याच्या वळणावर ती अडकेल आणि मग समितीची सभा ट्रंकेवर भरेल. बोचकं पुरे. थेंबांची बाटली आठवणीने घे. कंडक्टरचा खास निरोप, ज्येष्ठ बाईंना पुढची जागा राखून ठेवली आहे. म्हणजे नेमकी कुठली, हे त्याने सांगितलं नाही.

ता. क. दुसरा — पत्र लगेच टाकलं नाही. पाकीट घेऊन पेटीपर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. मनात आलं, हे वाचून तू येशीलच. कुणाला तुझी गरज आहे म्हटलं की तू पदर खोचून निघतेस, माझ्यासाठी तशीच निघालीस, त्या घरासाठी तशीच राबलीस, आणि सगळ्यांच्या गरजा भागल्यावर आज पॅसेजमध्ये आहेस. मलाही आज एक खोली जास्त हवी, म्हणून मीही तुला कामालाच बोलावत होतो. मग पेटीत पत्र न टाकता तसाच नगर कार्यालयात गेलो. त्या मुलीला म्हटलं, माझ्या घरचा आकडा एक कर. तिने विचारलं, आक्का येणार नाहीत का? मी म्हटलं, ते अजून ठाऊक नाही, पण आली तर मोजायला म्हणून येणार नाही. तिने पुन्हा एकदा विचारलं, आणि मग एक केला. आता मला कायद्याने एकच खोली मिळणार आहे. कंडक्टर माझ्याशी बोलत नाही, जिन्यात भेटला की कठड्यावर एक टकटक करून निघून जातो.

ता. क. शेवटचा — तेव्हा वरचं सगळं पत्र रद्द समज. आता तू आल्याने कुणाचा फायदा होत नाही आणि न आल्याने कुणाचं अडत नाही. तुझ्यावाचून इथे कसलंही काम खोळंबलेलं नाही. नुसती बसायला ये. आणि येणार असलीस तर कुठल्या दिवशी ते कळवू नकोस, कळवायला बसलीस की तुझा विचार बदलेल. तुझ्या गावची बस दुपारी येते. हे पत्र टाकलं की उद्यापासून मी रोज दुपारी स्टँडवर असेन.